बायबल, गणित आणि करवत

प्रश्न : माझा धाकटा भाऊ टेक्सासमध्ये नोकरीला आहे. मे महिन्यात मी त्याच्याकडे राहून आले. शेजारी एक ख्रिस्ती कुटुंब आहे. त्यांना पाच मुलं आणि एकही शाळेत जात नाही! सकाळी आई सगळ्यांना जेवणाच्या टेबलाभोवती बसवून बायबल वाचते, मग गणित आणि व्याकरण. दुपारी थोरला कोंबड्यांचं खुराडं दुरुस्त करत होता, मधली मुलगी पाव भाजत होती. आम्ही कॅथलिक. धर्मशिक्षण आमच्याही मुलांना मिळतं, पण ते रविवारी आणि चर्चमध्ये. शाळेलाच रजा देण्याची ही पद्धत आली कुठून? त्यात नेमकं शिकवतात काय? आणि सरकार काही म्हणत नाही?
— एक वाचक भगिनी, वसई

उत्तर : तुम्ही पाहिलंत तशी घरं अमेरिकेत बरीच आहेत. तिथल्या शिक्षण खात्याच्या 2016 च्या पाहणीत सुमारे 17 लाख मुलं घरी शिकत होती, म्हणजे शाळेच्या वयाच्या दर शंभर मुलांमागे तीनच्या थोडी वर. कोविडच्या वर्षी हा आकडा उसळला. 2020 च्या वसंतात शाळकरी मुलं असलेल्या 5.4 टक्के घरांनी आपण घरी शिकवतो असं जनगणना विभागाला सांगितलं होतं. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपर्यंत ते प्रमाण 11.1 टक्के झालं. ही सगळी मंडळी धर्मासाठी घरी बसलेली नाहीत. 2016 मध्ये ‘सर्वांत महत्त्वाचं कारण कोणतं’ या प्रश्नाला 34 टक्के पालकांनी शाळेतल्या वातावरणाची काळजी हे उत्तर दिलं, तर धर्मशिक्षण म्हणणारे 16 टक्के होते. तरीही या चळवळीचा कणा ख्रिस्ती कुटुंबांचाच राहिला आहे.

त्याचं मूळ 1962 आणि 1963 सालच्या दोन निकालांत आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सरकारी शाळांनी घेतलेली प्रार्थना आणि शाळेतलं बायबलवाचन घटनाबाह्य ठरवलं. सरकारी शाळा सगळ्या धर्मांच्या मुलांची असते, त्यामुळे निकाल योग्यच होता असं मला वाटतं. पण शाळेचा दिवस प्रार्थनेने सुरू होताना पाहिलेल्या लाखो पालकांना आपल्या मुलांच्या दिवसातून देव वजा झाल्यासारखं वाटलं. काहींनी ख्रिस्ती खासगी शाळा काढल्या. काहींना ती फी झेपणारी नव्हती, काहींना तीही शाळाच वाटली.

त्याच सुमाराला रेमंड आणि डोरोथी मूर हे सेव्हन्थ-डे अ‍ॅडव्हेंटिस्ट पंथाचं शिक्षक दांपत्य एक वेगळीच गोष्ट सांगू लागलं. मुलांना पाचव्या-सहाव्या वर्षी वर्गात बसवायची घाई करू नका, असं त्यांचं म्हणणं. त्यांचं ‘बेटर लेट दॅन अर्ली’ हे पुस्तक 1975 साली आलं. त्यांनी घरच्या शाळेचा दिवस तीन गोष्टींवर उभा केला: अभ्यास, हाताचं काम आणि सेवा. मूल जितका वेळ पुस्तक घेऊन बसेल, निदान तितकाच वेळ त्याने घरातलं किंवा कमाईचं खरं काम करावं आणि उरलेल्यातला काही वेळ आजारी, म्हातारी, एकटी माणसं यांना द्यावा. तुम्ही पाहिलेलं ते खुराडं आणि तो पाव या विचारातून आले आहेत.

आता कायदा. ऑरेगन राज्याने 1922 मध्ये सगळ्या मुलांना सरकारी शाळेतच घालण्याची सक्ती करणारा कायदा केला होता. त्याविरुद्ध कोर्टात कोण गेलं? कॅथलिक सिस्टर्सचा एक संघ, ज्यांच्या शाळा त्या कायद्याने बंद पडल्या असत्या. 1925 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सिस्टर्सच्या बाजूने निकाल दिला आणि मुलाच्या शिक्षणाची दिशा ठरवण्याचा अधिकार आईबापांचाही आहे हे मान्य केलं. पुढे घरी शिकवणाऱ्यांनी याच निकालाचा आधार घेतला. तरी 1980 च्या दशकापर्यंत अनेक राज्यांत मुलांना घरी ठेवणाऱ्या पालकांवर खटले होत. 1983 मध्ये त्यांच्या बचावासाठी वकिलांची एक संस्था उभी राहिली, राज्याराज्यांत कायदे बदलले आणि 1993 पर्यंत पन्नासही राज्यांत घरी शिकवणं कायदेशीर झालं. सगळीकडे मात्र असं नाही. जर्मनीत शाळेत जाणं सक्तीचं आहे, धर्माचं कारण तिथे चालत नाही, आणि युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने 2006 मध्ये जर्मनीची ती भूमिका मान्य केली आहे.

तुमचा खरा प्रश्न ‘शिकवतात काय’ हा आहे, आणि मलाही त्यातच जास्त रस आहे.

सकाळ बायबलची. नीतिसूत्रे या पुस्तकात 31 अध्याय आहेत, म्हणून पुष्कळ घरांत महिन्याच्या तारखेप्रमाणे रोज एक अध्याय वाचतात. एखादं वचन पाठ करतात, त्यावर बोलतात, प्रार्थना करतात. मग गणित आणि भाषा. ती ज्याच्या त्याच्या इयत्तेप्रमाणे वेगळी, कारण पाच मुलांना एकच गणित देता येत नाही. इतिहास, विज्ञान आणि गोष्टीची पुस्तकं मात्र सगळ्यांना एकत्र. इथे बरीच कुटुंबं शार्लट मेसन या इंग्रज शिक्षिकेची पद्धत वापरतात. मेसनबाई 1842 ते 1923 या काळातल्या. इंग्लंडच्या तलावांच्या प्रदेशात अँबलसाइड इथे त्यांनी शिक्षिका घडवल्या. लहान मुलांचा धडा पंधरा-वीस मिनिटांपेक्षा मोठा नको, ही त्यांची शिस्त. चांगलं पुस्तक एकदाच वाचून दाखवायचं आणि लगेच मुलाने ते आपल्या शब्दांत सांगायचं. प्रश्नपत्रिका नाही, गाळलेल्या जागा नाहीत. मूल सांगू लागलं की त्याला काय कळलं हे आईला पाच मिनिटांत समजतं. रोज काही वेळ बाहेर हिंडायचं, पान-फूल-पाखरू बघून वहीत काढायचं आणि नेटकी हस्तकला करायची. मी संडे स्कूलमध्ये शिकवते, आणि ‘आता तू सांग’ ही मेसनबाईंची युक्ती तिथल्या माझ्या वर्गात दर आठवड्याला उपयोगी पडते.

दुपार हातांची. या भागाकडे बाहेरचे लोक ‘घरकामाला जुंपलंय’ म्हणून पाहतात. काही घरांत ते खरंही असतं, त्याबद्दल पुढे लिहिते. पण नीट चालवलं तर हे काम शाळेतल्या कार्यानुभवाच्या तासापेक्षा कितीतरी खोल जातं. ग्रामीण अमेरिकेत उन्हाळ्यात भाज्या काचेच्या बरण्यांत भरून वर्षभरासाठी ठेवतात. टोमॅटो किंवा फळं आंबट असतात, त्यामुळे त्यांच्या बरण्या उकळत्या पाण्यात ठेवल्या तरी भागतं. टोमॅटोत खबरदारी म्हणून थोडा लिंबाचा रस घालतात. शेंगांचं तसं नाही. त्यांत आम्ल कमी असतं आणि बोट्युलिझम हा जीवघेणा आजार करणाऱ्या जंतूचे बीजाणू 100 अंशांच्या उकळत्या पाण्यात मरत नाहीत. म्हणून शेंगांसाठी प्रेशर कॅनर लागतो, त्यात तापमान सुमारे 116 अंश सेल्सिअसपर्यंत चढतं. दाब वाढला की पाण्याचा उत्कलनबिंदू वाढतो, हे बारा वर्षांची मुलगी आईच्या शेजारी उभी राहून शिकते, आणि यात चूक झाली तर घरातलं माणूस दगावू शकतं हेही तिला ठाऊक असतं. आपल्या आज्या लोणच्याला मीठ, मोहरी आणि तेल भरपूर घालत, ओला हात लावू देत नसत, ते याच जातीचं शास्त्र. आपण त्यांना त्यामागचं कारण विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही.

कोंबड्यांचंही तसंच. अनेक मुलं फोर-एच नावाच्या मंडळात असतात. अमेरिकेचं कृषी खातं आणि तिथली कृषी विद्यापीठं ते चालवतात. नावातले चार एच म्हणजे डोकं, हृदय, हात आणि आरोग्य. तिथे नुसतं जनावर पाळून चालत नाही. त्याची वही ठेवावी लागते: पिल्लू कितीला आणलं, खाद्य किती लागलं, अंडी किती विकली, आजार कोणता झाला, हाती काय उरलं. जत्रेत परीक्षक जनावर पाहतात आणि मुलाला प्रश्नही विचारतात. एका वर्षाची ती वही टक्केवारी, नफा-तोटा आणि जीवशास्त्र एकत्र शिकवते.

श्रद्धा आणि हातकाम यांची ही जोड ख्रिस्ती परंपरेत जुनी आहे. मार्कच्या शुभवर्तमानात गावकरी येशूला सुतार म्हणून ओळखतात. पौल तंबू तयार करून पोट भरत असे. बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात देवाच्या आज्ञा मुलांना कुठे शिकवाव्या हे सांगितलं आहे: घरी बसताना, वाटेने चालताना, झोपताना, उठताना. मार्टिन लूथर यांनी 1529 मध्ये लिहिलेली छोटी प्रश्नोत्तरी घरच्या कर्त्याने आपल्या मुलामाणसांना शिकवावी म्हणूनच लिहिली. धर्मशिक्षण पाळकांवर किंवा फादरांवर सोपवून आईबाप मोकळे होतात ही सवय अलीकडची आहे, आणि ती मला चांगली वाटत नाही.

या सगळ्यांत मला सर्वांत आवडलेलं उदाहरण तीनशे वर्षांपूर्वीचं आहे. इंग्लंडमधल्या एपवर्थ गावच्या पाळकांची बायको सुझाना वेस्ली. एकोणीस मुलं झाली, त्यातली दहा जगली. त्यांतले जॉन आणि चार्ल्स हे पुढे मेथडिस्ट चळवळीचे जनक झाले. मुंबई-पुण्यात आज जी मेथडिस्ट चर्चेस आहेत त्यांचा धागा तिथवर पोचतो. सुझानाबाईंची शाळा घरातच भरे, सकाळी नऊ ते बारा आणि दुपारी दोन ते पाच. मूल पाच वर्षांचं होईपर्यंत अक्षरओळख नाही. पाचवा वाढदिवस झाला की दुसऱ्या दिवशी घरातली कामं आधीच वाटून दिलेली असत, आईला कोणी हाक मारायची नाही, आणि एका दिवसात सगळी मुळाक्षरं. दोन मुलींना दीड दिवस लागला, याचीही नोंद त्यांनी करून ठेवली आहे! मग थेट उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायापासून वाचन. शिवाय आठवड्यातली एकेक संध्याकाळ एकेका मुलाशी एकट्याने बोलायची. जॉनचा वार गुरुवार होता. मोठेपणी त्यालाच त्यांनी 1732 च्या जुलैमध्ये पत्र लिहून ही सगळी रीत कळवली.

त्या पत्रात एक नियम आहे, आणि तो मला आजच्या प्रत्येक ख्रिस्ती आईला सांगावासा वाटतो. मुलगी उत्तम वाचू लागेपर्यंत तिच्या हातात शिवणकाम द्यायचं नाही. बायकांना नीट वाचता येत नाही याचं कारण त्यांना वाचनाच्या आधी सुई दिली जाते, हे त्या बाईंनी अठराव्या शतकात ओळखलं होतं.

मघाशी राहिलेलं बोलणं ते हेच. अमेरिकेतल्या काही ख्रिस्ती घरांत ‘जीवनकौशल्यं’ मुलामुलींत वाटली जातात: मुलाला करवत, वायरिंग, हिशेब आणि मुलीला स्वयंपाक, धाकटी भावंडं, शिवण. अशा घरातून बाहेर पडलेल्या काही मुलींनी मोठेपणी उघडपणे सांगितलं, की आमचं बीजगणित बाळाच्या लंगोटांत संपलं. असं करणारे पालक श्रद्धेचं नाव घेतात तेव्हा मला फार वाईट वाटतं. मार्थेच्या घरी मरीया प्रभूच्या पायाशी ऐकत बसली आणि प्रभूने तिला स्वयंपाकघरात पाठवलं नाही, हे लूकच्या शुभवर्तमानात स्पष्ट लिहिलेलं आहे. करवत मुलीच्याही हातात हवी आणि भाकरी मुलालाही थापता यायला हवी.

प्रश्न : या मुलांची परीक्षा कोण घेतं? घरच्या गुणपत्रिकेवर कॉलेजात प्रवेश मिळतो? पुढे काही होतं का त्यांचं?
— एक निवृत्त मुख्याध्यापक, सातारा

उत्तर : सर, हे राज्यावर अवलंबून आहे आणि फरक थक्क करणारा आहे. टेक्सासमध्ये घरची शाळा खासगी शाळाच समजली जाते. वाचन, शुद्धलेखन, व्याकरण, गणित आणि नागरिकशास्त्र शिकवा, एवढीच अट. सरकारला कळवावंही लागत नाही. पेनसिल्व्हेनियात पालकांना दरवर्षी प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं, वर्षाला 180 दिवस शिकवावं लागतं, मुलाच्या कामाची फाइल ठेवावी लागते आणि पात्र परीक्षकाला मुलाशी बोलून ती फाइल तपासून लेखी अभिप्राय द्यावा लागतो. न्यूयॉर्कमध्ये दर तिमाहीला अहवाल द्यावा लागतो.

मी पूर्णपणे पेनसिल्व्हेनियाच्या बाजूची आहे. घरी शिकवणारी बहुतेक आईबापं जीव ओतून शिकवतात. पण ज्या मुलाला घराबाहेरचं एकही जबाबदार माणूस नियमित भेटत नाही, ते मूल उपाशी आहे, मार खातंय किंवा दहाव्या वर्षी वाचू शकत नाही, हे कोणाला कळणार? घरी शिकून मोठ्या झालेल्या काही तरुणांनीच 2013 मध्ये संघटना काढून हीच देखरेख मागितली आहे. ज्यांनी सोसलं त्यांची ही मागणी आहे, तिला पालकांच्या स्वातंत्र्यावरचा हल्ला म्हणणं मला पटत नाही.

कॉलेजात प्रवेश मिळतो. एसएटी, एसीटीसारख्या सामाईक परीक्षांचे गुण, आईने केलेली विषयवार गुणपत्रिका आणि केलेल्या कामाची नोंद यांवर बहुतेक विद्यापीठं अर्ज घेतात. अडचण येते ती अभ्यासक्रमाची. दोन मोठ्या ख्रिस्ती प्रकाशनांची विज्ञानाची पुस्तकं पृथ्वीचं वय काही हजार वर्षं मानून लिहिलेली आहेत. कॅलिफोर्निया विद्यापीठाने अशा पुस्तकांवर आधारलेले काही अभ्यासक्रम प्रवेशासाठी धरायला नकार दिला. त्यावर ख्रिस्ती शाळांची संघटना कोर्टात गेली आणि 2008 मध्ये हरली. माझा देवाच्या निर्मितीवर विश्वास आहे, आणि तरीही मला तो निकाल बरोबर वाटतो. खडकांचं वय मोजायची रीत मुलापासून लपवून त्याची श्रद्धा बळकट होत नाही. ते कॉलेजात जातं, भूगर्भशास्त्राच्या पहिल्याच तासाला त्याला कळतं की आईने हे सांगितलं नव्हतं, आणि मग आईने सांगितलेलं बाकीचंही ते नाकारतं. कितीतरी श्रद्धावान पालक आता मुख्य प्रवाहातली विज्ञानाची पुस्तकं वापरतात.

‘पुढे काही होतं का’ याला एक प्रसिद्ध उत्तर टिम टीबो. मिशनरी आईबापांच्या पोटी 1987 मध्ये फिलिपिन्समध्ये जन्म, सगळी भावंडं घरी शिकलेली. घरी शिकणाऱ्या मुलांना सरकारी शाळेच्या संघात खेळू देणारा कायदा फ्लोरिडात होता, म्हणून तो शालेय फुटबॉल खेळू शकला आणि 2007 मध्ये कॉलेज फुटबॉलचा सर्वोच्च मान, हाइसमन करंडक, त्याने मिळवला. पण एका टीबोवरून काही सिद्ध होत नाही. घरी शिकणाऱ्या मुलांचे गुण सरासरीपेक्षा जास्त असल्याचे दाखले चळवळीतले लोक देतात. त्यात एक मेख आहे: परीक्षेला बसणं बऱ्याच राज्यांत ऐच्छिक असतं, आणि ज्यांचा अभ्यास चांगला तेच बसतात. मुख्याध्यापकांना हे वेगळं सांगायला नको.

प्रश्न : अशी मुलं एकलकोंडी होत नाहीत का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : बहुधा होत नाहीत. पाच-दहा कुटुंबं मिळून आठवड्यातून एक दिवस चर्चच्या सभागृहात जमतात. एक आई रसायनशास्त्र घेते, दुसरी गाणं, कोणाचे वडील सुतारकाम. शिवाय संडे स्कूल, फोर-एच, खेळाचे संघ असतात. अमेरिकेतल्या आपल्या मराठी मंडळांच्या रविवारच्या मराठी शाळा पाहिल्यात तर पालकांनीच चालवलेला असा वर्ग कसा असतो याची कल्पना येईल.

माझी काळजी वेगळी आहे. या मुलांना सोबती मिळतात, पण सगळे एकाच चर्चचे, एकाच मताचे. वेगळ्या धर्माच्या, वेगळ्या परिस्थितीतल्या मुलाशेजारी बाकावर बसून डबा खाणं त्यांच्या वाट्याला येत नाही. शेजाऱ्यावर प्रीती करायला शेजारी ओळखीचा हवा.

प्रश्न : आम्ही अहिल्यानगरचे. आमची मुलगी अकरा वर्षांची आहे, सहावीत. शाळा, शिकवणी, गृहपाठ यांत तिचा दिवस संपतो. घरच्या प्रार्थनेला वेळ नाही आणि तिला साधी फोडणी देता येत नाही. तिला शाळेतून काढून घरीच शिकवावं असा विचार आम्ही नवरा-बायको करतो आहोत. आपल्या देशात हे चालतं का? तुमचा सल्ला काय?

उत्तर : आधी कायदा. शिक्षणहक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू आहे. सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला शाळेत घालणं हे त्यातल्या दहाव्या कलमाप्रमाणे पालकांचं कर्तव्य आहे. ते न करणाऱ्या पालकांना शिक्षेची तरतूद त्या कायद्यात नाही, म्हणून देशात अनेक कुटुंबं घरी शिकवतात आणि त्यांच्या दारात पोलीस येत नाहीत. घरी शिकण्याचा स्पष्ट उल्लेख 2012 च्या दुरुस्तीत आला, तो बहुविकलांग आणि तीव्र विकलांग मुलांपुरता. बाकीच्यांसाठी हा मार्ग मोकळा आहे असं म्हणता येत नाही, आणि बंद आहे असंही नाही.

परीक्षेची सोय मात्र चांगली आहे. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजे एनआयओएस, चौदा वर्षं पूर्ण झाल्यावर दहावीला बसू देते; पाच विषय, आणि मराठी माध्यमही आहे. आपल्या राज्य मंडळाचा 17 नंबरचा अर्ज भरून खासगीरीत्या दहावीला बसणारी मुलं तर आपण सगळ्यांनी पाहिलेली आहेत. दोन्हींच्या चालू अटी मंडळाच्या कार्यालयातूनच विचारून घ्या, ओळखीच्या कोणाच्या सांगण्यावर जाऊ नका.

घरच्या शिक्षणाची ताकद किती असते याचा पुरावा आपल्याच इतिहासात आहे. पंडिता रमाबाई कधी शाळेत गेल्या नाहीत. 1858 मध्ये गंगामूळच्या रानात जन्मलेल्या या मुलीला संस्कृत शिकवलं तिच्या आईने, लक्ष्मीबाईंनी, आणि लक्ष्मीबाईंना शिकवलं होतं त्यांच्या नवऱ्याने, अनंतशास्त्री डोंगरे यांनी. ते घर हिंदू होतं, धडे भागवताचे होते. पुढे रमाबाई ख्रिस्ती झाल्या, मूळ भाषांतून त्यांनी बायबल मराठीत आणलं. आणि त्याच रमाबाईंनी काय केलं पाहा: 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं, दुष्काळानंतर केडगावला मुक्ती सदन उभारलं. ज्यांना शिकवायला घर नव्हतं त्या शेकडो मुलींसाठी त्यांनी शाळा काढली. तिथे प्रार्थना होती, वाचन-लेखन होतं आणि विणकाम, शिवण, शेती, गाईगुरं, छपाईही होती. त्यांच्या बायबलचे खिळे केडगावच्या छापखान्यात तिथल्या स्त्रियांनीच जुळवले. ते 1924 मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, पूर्ण छापून आलं. तुमच्या स्वतःच्या शहरातही अमेरिकन मराठी मिशनने एकोणिसाव्या शतकात शाळेबरोबर हस्तोद्योगाचं शिक्षण दिलं. वर्ध्याला 1937 नंतर गांधीजींची नई तालीम, म्हणजे हातकामातून शिक्षण, ज्यांनी चालवली ते ई. डब्ल्यू. आर्यनायकम सिलोनमधून आलेले ख्रिस्ती गृहस्थ होते. आज शिरूर तालुक्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 मध्ये सुरू केलेला विज्ञान आश्रम आहे. तिथे मुलं वेल्डिंग, बांधकाम, शेती, पशुपालन, वीजजोडणी आणि घर-आरोग्याची कामं करत करत विज्ञान शिकतात. एका सुट्टीत मुलीला घेऊन ते पाहून या.

आता माझा सल्ला. मुलीला शाळेतून काढू नका. तुमच्या पत्रात शाळेविरुद्ध एकही खरी तक्रार नाही. तक्रार आहे ती वेळ उरत नाही याची. तो वेळ शिकवणी खाते आहे. सहावीतल्या मुलीची शिकवणी बंद करा. अडलं तर तुम्ही शिकवा, तुम्हालाही येत नसेल तर दोघांनी मिळून पुस्तक उघडा. आठवड्याचे जे सात-आठ तास मोकळे होतील ते घराला द्या. रात्री जेवणाआधी पंधरा मिनिटं पवित्र शास्त्राचं वाचन, आणि वाचलेलं तिने आपल्या शब्दांत सांगायचं. आठवड्यातून एक जेवण पूर्णपणे तिचं: काय करायचं, बाजारातून किती आणायचं, खर्च किती झाला, हे सगळं तिने ठरवायचं आणि वहीत लिहायचं. स्क्रू-ड्रायव्हर, टेस्टर, हातोडी तिच्या उंचीवर ठेवा. गळका नळ दुरुस्त करताना वडिलांनी तिला बोलवावं. बँकेची पासबुकं, विजेचं बिल तिला वाचायला द्या. महिन्यातून एकदा मंडळीतल्या एखाद्या एकट्या आजींकडे डबा घेऊन जा, आणि डबा तिने भरलेला असू दे.

हे वर्षभर करून पाहा. त्यानंतरही शाळा खरोखर तिला मारक ठरते आहे असं दिसलं, तर शाळा सोडण्याचा विचार करा. तेव्हाही बाहेरची एक शिक्षिका ठरवा, जी दर तीन महिन्यांनी तिच्या वह्या पाहील आणि तुमच्या गैरहजेरीत तिच्याशी बोलेल.

एक राहिलं. 1972 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयासमोर विस्कॉन्सिनमधल्या आमिश पालकांचा खटला आला होता. हे साधेपणाने राहणारे ख्रिस्ती शेतकरी आठवीनंतर मुलांना शाळेत पाठवत नसत, त्यापुढचं शिक्षण शेतात आणि सुतारशाळेत. त्यांना प्रत्येकी 5 डॉलर दंड झाला होता. न्यायालयाने पालकांच्या बाजूने निकाल दिला. पण विल्यम डग्लस या न्यायमूर्तींनी वेगळं मत नोंदवलं: इथे आईबापांचं म्हणणं ऐकलं, सरकारचं ऐकलं, मग ज्या मुलांचं आयुष्य आहे त्यांना का विचारलं नाही? तुमच्या चार पानांच्या पत्रात मुलीला काय वाटतं याची एकही ओळ नाही. आज रात्री प्रार्थना झाल्यावर तिला विचारा, आणि तिला शाळा हवी असेल तर तिचं ऐका.